हिस्पॅनिक व्यवस्थापक : सांस्कृतिक प्रभाव

स्पॅनिशभाषक लॅटिन अमेरिकेत, तसेच अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील त्या मूळच्या समाजात वाढलेल्या व्यवस्थापकांच्या कार्यशैलीवरील कुटुंब, श्रेणी आणि वैयक्तिक ऋणानुबंध यांचा प्रभाव. ‘हिस्पॅनिक’ हा मुख्यतः अमेरिकी जनगणनेतील वर्ग असून त्यात क्यूबन, पोर्तो रिकन, मेक्सिकन असे परस्परभिन्न समाज एकत्र येतात. येथील विवेचन प्रामुख्याने मेक्सिकोपुरते आहे.

वरिष्ठाने मायबाप व्हावे, या अपेक्षेच्या उगमाबद्दल मतभेद आहेत. एका मतानुसार ती साधारणतः सतराव्या शतकापासून पसरलेल्या हासिएन्दा या जमीनदारीतून आली. तेथे मालक (पात्रोन) उचल देई, भांडणे मिटवी आणि मजुरांना कर्जात अडकवूनही ठेवी. दुसरे मत कोंपाद्रास्गो, म्हणजे बाप्तिस्म्यातून आई-वडील व धर्मपिता यांच्यात जुळणारे नाते, मूळ मानते. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट येथील धर्मपरिषदेने (१५४५–६३) धर्मपालकांची संख्या एका पुरुषावर व एका स्त्रीवर आणली. मेक्सिकोत मात्र हे नाते लग्न, घरभरणी अशा प्रसंगांपर्यंत विस्तारले. मानवशास्त्रज्ञ सिडनी मिंट्झ व एरिक वुल्फ यांनी १९५० मध्ये दाखविल्याप्रमाणे ते समाजरचनेनुसार बरोबरीच्यांत किंवा वरिष्ठ-कनिष्ठांत जुळते. हासिएन्दाबाहेरच्या गावांतही ते दृढ असल्याने दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. मेक्सिकोतील मॉन्तेर्रे शहराच्या कुआउतेमोक मद्यनिर्मिती कारखान्याने (स्था. १८९०) १९१८ मध्ये कामगारांसाठी कल्याणकारी संस्था काढली, तीत पात्रोनचे औद्योगिक रूप दिसते. नाताळची बक्षिसी (आगिनाल्दो) तर १९७० च्या श्रम कायद्याने किमान १५ दिवसांच्या वेतनाइतकी बंधनकारक झाली.

कचेरीत पदवीधराला ‘लिसेन्सियादो’ किंवा ‘इन्हेनिएरो’ (अभियंता) असे पदवीनेच संबोधतात. चारचौघांत चूक काढणे टाळले जाते आणि कामाच्या आधी घरची विचारपूस होते.

डच अभ्यासक हॉफस्टेडे यांच्या सत्ता-अंतर निर्देशांकात (सत्तेची विषम वाटणी लोक जितकी स्वीकारतात, तितका आकडा मोठा) मेक्सिको ८१, तर संयुक्त संस्थाने ४० वर आहेत. परंतु मूळ माहिती एकाच कंपनीच्या, आयबीएमच्या, कर्मचाऱ्यांची असल्याने आकडे जपून वापरावेत. ‘सिंपातिया’ (सलोखा राखण्याची वृत्ती) या विषयावरील बहुउद्धृत अभ्यास (१९८४) अमेरिकी नौदलात नव्याने भरती झालेल्यांचा होता, व्यवस्थापकांचा नव्हे. व्यवस्थापनाच्या पुस्तकांत हा तपशील सहसा गळतो.

संयुक्त संस्थानांत जन्मलेल्या किंवा शिकलेल्या व्यवस्थापकांना हे निष्कर्ष सरसकट लावता येत नाहीत. कोका-कोलाचे प्रमुख (१९८१–९७) रॉबेर्तो गोइसुएता हे हवानात जन्मले असले, तरी येल विद्यापीठात शिकलेले होते.