आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपी : चिन्हांच्या वापरातील अडचणी

उच्चार कागदावर नेमका उतरवता यावा म्हणून भाषाभ्यासक आणि कोशकार जी आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपी वापरतात, तिचे पहिले रूप १८८८ मध्ये प्रसिद्ध झाले. पॉल पासी यांच्या पुढाकाराने १८८६ साली पॅरिसमध्ये स्थापन झालेल्या भाषाशिक्षकांच्या संघटनेने ती तयार केली. २००५ च्या सुधारणेनंतर तिच्यात १०७ अक्षरे आणि ५२ विशेषकचिन्हे (अक्षरांना जोडायच्या खुणा) होती. एवढी चिन्हे लक्षात ठेवणे कठीण, असे सहसा सांगितले जाते. प्रत्यक्षात अनोळखी चिन्हांपेक्षा ओळखीची रोमन अक्षरेच अधिक चकवतात.

संस्कृतच्या प्रचलित रोमन लिप्यंतराची सवय असलेला मराठी वाचक च, ज आणि य यांसाठी अनुक्रमे ‘सी’, ‘जे’ आणि ‘वाय’ ही अक्षरे योजतो. ध्वनिलिपीत मात्र ‘जे’ म्हणजे य, ‘वाय’ म्हणजे ओठ गोल करून उच्चारलेला ई (फ्रेंच व जर्मन भाषांत हा स्वर आहे) आणि ‘सी’ म्हणजे जिभेचा मधला भाग कठोर टाळूला टेकवून केलेला स्पर्श, म्हणजे हवा क्षणभर पूर्ण अडवून सोडलेले व्यंजन. थीटाचेही तसेच आहे. इंग्रजी ‘थिन’ या शब्दाच्या उच्चारात हे ग्रीक चिन्ह दिसले की मराठी माणूस सरळ थ म्हणतो. पण थ हा महाप्राण स्पर्श आहे, तर थीटा जीभ आणि दात यांमधून हवा घासत सोडणारा घर्षक दाखवतो.

मराठी उच्चार लिहिताना खरी कसोटी लागते. ‘जरा’ या लिखित शब्दाचा अर्थ म्हातारपण असेल तर ज तालव्य (‘जीवन’मधल्यासारखा) आणि थोडेसे असेल तर दंततालव्य (‘जग’मधल्यासारखा). देवनागरी हा भेद दाखवत नाही, ध्वनिलिपीत तो दाखवावाच लागतो. ‘चूल’मधला च दाखवण्यासाठी ‘टी’ आणि ‘एस’ ही दोन अक्षरे जोडून वर कमान द्यावी लागते. ती गाळली, तर हा एकच व्यंजनध्वनी आहे की ‘उत्सव’मधल्याप्रमाणे त आणि स हे दोन, ते कळत नाही. ‘टी’ला खाली दाताचे चिन्ह जोडले की त होतो आणि उजवीकडे वळलेली शेपटी दिली की ट, इंग्रजीतला वर्त्स्य (वरच्या दातांमागच्या हिरडीला जीभ लावून केलेला) उच्चार या दोहोंच्या मधला. खसाठी वर बारीक ‘एच’ पुरतो, पण भ किंवा ध यांचा महाप्राण सघोष (स्वरतंतूंच्या कंपनासह होणारा) असल्याने तिथे आकडा असलेला ‘एच’ हवा. हा फरक छापील मजकुरातही सर्रास दुर्लक्षिला जातो.

अनुनासिकांत तर सगळा खेळ आकड्याच्या दिशेचा. ‘एन’चा उजवा पाय खाली येऊन बाहेर वळला तर ण, आत वळला तर ‘अंग’मधला ङ, आणि आकडा डाव्या पायाला असला तर ञ. बारीक टंकात (फॉन्टमध्ये) हे तिघे वेगळे ओळखू येत नाहीत.

चिन्ह कोणत्या कंसात आहे, हेही पाहावे लागते. तिरप्या रेघांमधले लेखन स्वनिमांचे, म्हणजे त्या भाषेतील अर्थभेदक ध्वनींचे असते, तर चौकटी कंसातले प्रत्यक्ष उच्चाराचे. इंग्रजी कोश तिरप्या रेघांत साधा ‘आर’ छापतात. तो ध्वनिलिपीच्या कोष्टकातल्या मूल्याप्रमाणे जीभ थरथरवणारा र धरायचा नसतो, कारण इंग्रजीत दुसरा र नसल्याने सोपे अक्षर निवडलेले असते. तोच उच्चार चौकटी कंसात लिहायचा तर उलटा ‘आर’ घ्यावा लागतो. बहुतेक वाद ही पातळी न पाहिल्याने होतात.

संगणकावर आणखी एक घोळ होतो. ‘कर’मधल्या अ-साठी वापरला जाणारा उलटा ‘ई’ युनिकोडमध्ये (संगणकावरील अक्षरांच्या प्रमाणित संकेतावलीत) दिसायला सारख्या अशा तीन रूपांत आहे; त्यांपैकी एक सिरिलिक लिपीचे (रशियनसारख्या भाषांच्या लिपीचे) आहे. दीर्घत्वासाठी दोन छोट्या त्रिकोणांचे स्वतंत्र चिन्ह असताना अनेकजण अपूर्णविराम (:) देतात. डोळ्यांना फरक जाणवत नाही, पण शोध घेताना शब्द सापडत नाही. शिवाय कित्येक टंकांत अक्षरे तिरपी केली की दुमजली ‘ए’ (a) एकमजली (ɑ) होतो, आणि ध्वनिलिपीत ती दोन वेगवेगळ्या स्वरांची चिन्हे आहेत.