बॅटरी खातो तो रेडिओ

वायरलेस सेन्सर नोडची, म्हणजे मोजमाप करून ते रेडिओनं पाठवणाऱ्या छोट्या यंत्राची, बॅटरी तापमान मोजण्यात फारशी खर्च होत नाही; ती रेडिओ चालू ठेवण्यात संपते. त्यातही पाठवण्याइतकाच खर्च नुसतं ऐकत बसण्याचा असतो, हे नवख्यांच्या लक्षात येत नाही.

1990च्या दशकाच्या अखेरीस बर्कली विद्यापीठात क्रिस पिस्टर यांनी ‘स्मार्ट डस्ट’ची कल्पना मांडली. धुळीच्या कणाएवढा संगणक तेव्हा झाला नाही. हाती आले ते दोन पेन्सिल सेलवर चालणारे ‘मोट’ आणि त्यांच्यासाठीची टायनीओएस ही ऑपरेटिंग प्रणाली. 2002च्या उन्हाळ्यात हे मोट अमेरिकेतल्या मेन राज्यातील ग्रेट डक बेटावर, स्टॉर्म पेट्रेल या समुद्रपक्ष्यांच्या बिळांत बसवले गेले. नऊ महिने सेल बदलायचे नव्हते. दोन सेलमधून 2200 मिलिअँपिअर-तास (बॅटरीत साठलेल्या विजेचं माप) मिळतील असं धरलं, म्हणजे दिवसाला जेमतेम 8.15 मिलिअँपिअर-तास. म्हणून मोटनी दर 70 सेकंदांनी जागं व्हायचं, मोजायचं, पाठवायचं आणि पुन्हा झोपायचं.

घोटाळा ओलाव्यानं केला. सर्किटवर पॅरिलिन या जलरोधक प्लास्टिकचा थर होता, पण आर्द्रतेचा सेन्सर हवेला उघडा ठेवणं भागच होतं. त्यात पाणी शिरलं की आकडे वेडेवाकडे यायचे आणि बरेचदा थोड्याच काळात तो मोट बंद पडायचा. असे आकडे कचरा म्हणून गाळले असते, तर बिघाडाची आगाऊ सूचनाच हातची गेली असती.

पुढच्या पिढीतल्या टेलॉस मोटवर सीसी2420 रेडिओ होता. ऐकताना तो 18.8 मिलिअँपिअर घेतो, पूर्ण शक्तीनं पाठवताना 17.4. सतत चालू ठेवला तर तेच 2200 मिलिअँपिअर-तास पाच दिवसांत संपतात; एक टक्का वेळच चालू ठेवला तर रेडिओपुरता हिशोब सव्वा वर्षाच्या पुढे जातो. त्यामुळे सगळी चुरस झोपेच्या वेळापत्रकावर आली. रेडिओनं कधी जागं व्हायचं हे ठरवणाऱ्या नियमावल्यांपैकी 2002च्या एस-मॅकनं शेजारच्या नोडना एकाच वेळी जागं केलं. 2004च्या बी-मॅकनं ती जुळवाजुळव सोडली: नोड मधूनमधून क्षणभर कानोसा घेतो आणि पाठवणारा दोन कानोशांमधल्या अवधीपेक्षा लांब प्रीअँबल, म्हणजे निरोपाआधीचा इशारा, पाठवतो. अडचण अशी, की निरोप ज्यांचा नाही तेही प्रीअँबल संपेपर्यंत जागे राहतात. 2006च्या एक्स-मॅकनं प्रीअँबलचे तुकडे केले आणि प्रत्येकात पत्ता घातला. बाकीचे लगेच झोपू लागले.

दुसरा मार्ग मुळात कमी पाठवण्याचा. 2000 मधल्या लीच पद्धतीत नोडचे गट करतात आणि गटप्रमुख नोड आळीपाळीनं बदलतो, कारण सगळ्यांचा डेटा गोळा करून दूर पाठवणारा तोच सर्वांत आधी मरतो. 2002च्या टॅग या पद्धतीत डेटा नोडकडून नोडकडे पुढे जाताना बेरीज वाटेतच होते. सरासरीसाठी प्रत्येक नोड फक्त बेरीज आणि संख्या पुढे देतो. मध्यकाला (क्रमानं लावल्यावर मधोमध येणाऱ्या मूल्याला) हे जमत नाही. त्यासाठी सगळी मूल्यं लागतात. मला इथे एक धोका ठळक वाटतो. पाणी शिरलेला एखादा सेन्सर सरासरीत बेमालूम लपतो. म्हणून सरासरी वाटेत काढली, तरी प्रत्येक नोडचा बॅटरी-व्होल्टेज आणि ठरावीक अंतरानं एखादी कच्ची नोंद वेगळी मागवावी. तेवढी पॅकेटं परवडतात.