जुन्या इंग्लिश पबमधली भुतं : इंग्लंड सहलीला येणाऱ्या कुटुंबांसाठी माहिती

आमच्या इंग्लंड सहलीत नॉटिंगहॅम आणि यॉर्क इथली एकेक संध्याकाळ जुन्या पबसाठी राखून ठेवलेली असते. बुकिंगच्या वेळी बऱ्याच घरांतून विचारणा होते : पब, त्यातून भुताचा, तिथे आजी-आजोबांना आणि मुलांना न्यायचं का? जरूर न्या.

पब चालवणारं कुटुंब पूर्वापार त्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर राहत आलं आहे. शेवटच्या ऑर्डरची घंटा होऊन गिऱ्हाइकं पांगली की त्या एवढ्या मोठ्या घरात घरचीच माणसं उरायची. जिन्यावर पावलं वाजली, तळघराचं दार आपोआप लोटलं गेलं, असं काही झालं की मुलं आईबापांना विचारायची आणि पुढे आपल्या मुलांना सांगायची. आजोळी अंथरुणात पडल्या पडल्या ऐकलेल्या पिंपळावरच्या मुंजाचीच ही जातकुळी. या गोष्टी घरातून आल्या आहेत, म्हणूनच आम्हाला त्या मोलाच्या वाटतात.

नॉटिंगहॅमच्या ‘ये ओल्ड ट्रिप टू जेरुसलेम’च्या भिंतीवर ११८९ हे साल ठळक रंगवलेलं दिसेल. पब तेव्हापासूनचा असल्याचं सांगतात, पण आजची इमारत सतराव्या शतकातली आहे, मागच्या खोल्या मात्र किल्ल्याखालच्या वालुकाश्मात कोरलेल्या. आत काचेच्या पेटीत एक लहानसं जहाज आहे. त्यावर धुळीची पुटं चढून शिडं-दोऱ्या ओळखू येत नाहीत. ते ज्यांनी ज्यांनी पुसलं ते अचानक दगावले असं सांगतात, त्यामुळे त्याला कुणी फडकं लावत नाही.

यॉर्कच्या ‘गोल्डन फ्लीस’मध्ये लेडी ॲलिस पेकेट रात्री फिरते म्हणतात. तिचा नवरा १७०२च्या सुमारास शहराचा लॉर्ड मेयर होता. तिथून जवळच ‘ट्रेझरर्स हाउस’ हा जुना वाडा आहे. तो पब नाही, तरी आम्ही तिथली हकिगत सांगतोच, कारण ती पाहणाऱ्याने स्वतः सांगितलेली आहे. १९५३ मध्ये हॅरी मार्टिनडेल हा शिकाऊ कारागीर तळघरात पाइप बसवत होता. तुतारी ऐकू आली आणि भिंतीतून रोमन सैनिक निघाले, गुडघ्यापासून वरचेच दिसणारे. जुना रोमन रस्ता जिथे उकरलेला होता, तिथे त्यांचे पायही दिसले. लोक हसतील म्हणून त्याने ही गोष्ट बरीच वर्षं चारचौघांत काढली नाही. पुढे तो पोलिसात गेला.

आमचा वाटाड्या कागदोपत्री काय आहे आणि तोंडोतोंडी काय आलं, हे वेगवेगळं सांगतो. मुलांना दचकवणं, मुखवटे घालून अंगावर येणं असले प्रकार आम्ही करत नाही. तळघराजवळ गार झुळूक लागली तर घाबरू नका. पिंपातल्या बिअरसाठी तळघर ११ ते १३ अंशांवर ठेवतात. जुनं लाकूडही रात्री गारठून करकरतं. एवढं कळूनही जिन्यावरच्या पावलांची गोष्ट ऐकताना अंगावर काटा येतोच.

मोठ्यांबरोबर मुलांना पबमध्ये बसता येतं, पण किती वाजेपर्यंत ते प्रत्येक पब ठरवतो. आम्ही आधी विचारून घेतो. १८ वर्षांखालच्यांना दारू विकत नाहीत. न पिणाऱ्यांसाठी सरबतं, कॉफी असते. शाकाहारी जेवण हवं असेल तर बुकिंगच्या वेळीच सांगा. ऑर्डर काउंटरवर जाऊन द्यायची, तिथे गर्दी असताना भुताचा विषय काढू नका. कामातून मोकळी झाली की तिथली माणसं आपणहून बोलतात. पायऱ्या उंच-सखल आहेत, छत काही ठिकाणी डोक्याला लागेल इतकं खाली. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी आधी कळवावं, म्हणजे खालच्या मजल्यावरचं टेबल राखून ठेवता येतं.