कार्यकारिणी बदलली, शेड्यूल वनवर नावं मात्र जुनीच: चेंज रिपोर्ट अडतो कुठे?

निवडणूक झाली, हारतुरे झाले. सहा महिन्यांनी बँकेत सह्या बदलायला गेलं की कळतं, शेड्यूल वनच्या, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या संस्थेच्या नोंदवहीच्या, उताऱ्यावर अजून जुनीच मंडळी आहेत. गिरगाव-दादरच्या कितीतरी जुन्या संस्था इथेच अडकतात.

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ प्रमाणे विश्वस्तांमधला बदल ९० दिवसांत कळवायचा असतो, तो अर्ज म्हणजेच चेंज रिपोर्ट. मग ती नवी निवड असो, राजीनामा असो की मृत्यू. मुंबईतल्या संस्थांचा अर्ज वरळीच्या धर्मादाय कार्यालयाकडे, शेड्यूल थ्रीच्या नमुन्यात, रिपोर्टिंग ट्रस्टीच्या, म्हणजे बदल कळवणाऱ्या विश्वस्ताच्या, सहीने जातो. सोबत ठराव, नव्यांची संमतीपत्रं, शपथपत्र, ओळखपत्रं, लागेल तिथे राजीनामा किंवा मृत्यूचा दाखला.

हे ९० दिवस बदल झाला त्या दिवसापासून धरतात. पुढच्या सभेत इतिवृत्त कायम झालं, त्या दिवसापासून नाही. मुदत टळली असेल तर विलंब माफीचा अर्ज जोडा. कारण सबळ असेल तर मुदत वाढते, खर्चाची रक्कम भरावी लागते. कृपा करून प्रोसिडिंग बुकातली तारीख खोडू नका. उशीर माफ होतो, खाडाखोड निस्तरता येत नाही.

सगळ्यात जास्त अर्ज लटकतात ते सभेची नोटीस प्रत्येक सभासदाला मिळाल्याच्या पुराव्यावर. ‘सगळ्यांना फोन केला होता’ हे चालत नाही. संस्थेच्या घटनेत नोटीस किती दिवस आधी आणि कशी द्यायची ते लिहिलेलं असतं, तेवढं पान आधी वाचा. हातोहात दिली तर वहीत नाव, तारीख, सही घ्या. टपालाने पाठवली तर पावत्या त्याच वहीत चिकटवा. ‘पत्ता सोडून गेले’ असा शेरा मारून परत आलेलं पाकीट न फोडता जपा, तोच तुमचा पुरावा. नोंदणी करताना हे कुणीच समजावत नाही आणि चौकशीत पहिला प्रश्न हाच येतो, याचा मला खरंच राग येतो.

पायउतार झालेल्या विश्वस्तांची नाहरकत शपथपत्रं निवडणुकीच्या आठवड्यातच मागून घ्या. मनं कडू झाल्यावर कुणी सही देत नाही, आणि हरकत आली की साधा अर्ज वर्षानुवर्षं चालतो.

आणि आधीच्या कार्यकारिणीचा रिपोर्ट प्रलंबित असेल तर तुमचाही त्यामागे रखडतो. म्हणून आज उताऱ्याची ताजी प्रमाणित प्रत काढा, शेवटचं नोंदलेलं नाव कोणत्या सालचं ते पाहा आणि तिथून पुढचे कागद जमवायला लागा.