दारू बंद केल्यानंतरचे पहिले चार दिवस

पाय मोडून भरती झालेला पेशंट. ऑपरेशन व्यवस्थित झालेलं. तिसऱ्या रात्री तो सलाईनची नळी उपसतो, अंगावर किडे चढताहेत म्हणून चादर झटकत राहतो, समोर नसलेल्या माणसाशी भांडतो. नातेवाईक म्हणतात, भूल जास्त झाली. कुणी ‘बाहेरचं’ म्हणून देवऋषी सुचवतं. वॉर्डातल्या जुन्या सिस्टर मात्र आधी एकच विचारतात: रोज किती घ्यायचे?

180 मिलीच्या क्वार्टरमध्ये सुमारे 60 ग्रॅम अल्कोहोल असतं. शरीर तासाला साधारण 7 ते 10 ग्रॅम निपटतं. म्हणजे रात्री दहाला संपवलेली क्वार्टर सकाळपर्यंत उतरते. रोज पिणाऱ्याच्या हातात सकाळी कप थरथरतो आणि एक पेग पोटात गेला की थरथर थांबते, त्याचं गणित हे असं.

दारू मेंदूतल्या ‘गाबा’ या शांत करणाऱ्या रसायनाचा परिणाम वाढवते आणि चेतवणाऱ्या ग्लुटामेटला दाबते. वर्षानुवर्षं हे चाललं की मेंदू उलट्या दिशेने जोर लावून तोल सांभाळतो. रस्सीखेचीत समोरच्याने दोर एकदम सोडावा, तसं दारू अचानक तुटल्यावर होतं. सहा-आठ तासांत थरथर, घाम, मळमळ, धडधड. पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते. 48 ते 96 तासांत काहींना ‘डिलिरियम ट्रेमेन्स’ होतो: ताप, भास, दिवस-रात्रीचं भान सुटणं. यात उपचाराविना जीव जाऊ शकतो. श्रावण पाळणारे किंवा माळ घालणारे सगळेच यात सापडत नाहीत. पण दिवसाची सुरुवातच दारूने होत असेल किंवा पूर्वी दारू सोडताना आकडी आली असेल, तर घरच्या घरी बंद करणं हा निव्वळ जुगार. प्रत्येक वेळी सोडून पुन्हा धरली की पुढचा झटका जास्त कडक येण्याची शक्यता असते.

भरती केल्यावर क्लोरडायझेपॉक्साइड हे मेंदू शांत करणारं औषध देऊन 5 ते 7 दिवसांत डोस उतरवत नेतात. लिव्हर फारच खराब असेल तर लोराझेपॅम. या गोळ्या मेडिकलमधून परस्पर आणू नयेत: वर दारू घेतली तर श्वास मंदावतो.

आपल्याकडे ‘अशक्तपणा आलाय, सलाईन लावा’ हा आग्रह फार. नेमकी तिथेच एक मोठी चूक होते. पिणाऱ्याच्या शरीरात थायमिन, म्हणजे बी-1 जीवनसत्त्व, बहुधा तळाला गेलेलं असतं आणि ग्लुकोज वापरायला तेच लागतं. थायमिनचं इंजेक्शन न देता ग्लुकोजची बाटली चढवली तर उरलंसुरलंही संपतं. मग डोळ्यांची हालचाल बिघडते, चाल लटपटते, बोलणं भरकटतं. उशीर झाला तर स्मरणशक्ती कायमची जाते. ‘बी-1 दिलं का?’ हे नातेवाइकांनी बिनधास्त विचारावं.

आकडी आली तर कुशीवर वळवा, आजूबाजूचं सामान हलवा, घड्याळ बघा. तोंडात चमचा नको, नाकाला कांदा-चप्पल तर नकोच. 108 ला फोन करा. व्यसनमुक्तीचा सल्ला 14446 वर मोफत मिळतो.

आणि दारू सुटावी म्हणून चहातून गुपचूप देण्याची ती गोळी? त्यात डायसल्फिरम असेल तर दारू घेताच शरीरात अ‍ॅसिटाल्डिहाइड हे विषारी रसायन साचतं: चेहरा लाल, उलट्या, रक्तदाब कोसळतो, हृदयविकार असेल तर मृत्यूही. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो. पेशंटची संमती आणि आधी किमान 12 तास दारू बंद, याशिवाय डॉक्टरही ती देत नाहीत.