महासाथीतील नैराश्य व चिंताविकार (सोलापूर)

महासाथीच्या काळात समाजात नैराश्य आणि चिंताविकार वाढतात. कोविड-१९च्या पहिल्या वर्षात जगभर ही वाढ सुमारे २५ टक्के होती, असे जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२२मध्ये नोंदवले. स्त्रिया व तरुणांना झळ जास्त बसली.

सोलापुरात याचा विचार मजुरीपासून करावा लागतो. पूर्व भागातल्या विडी कामगार स्त्रिया कारखान्यातून पान-तंबाखू घरी आणतात आणि हजार विड्यांमागे मजुरी घेतात. मार्च २०२०च्या टाळेबंदीत पान-तंबाखू मिळेना, यंत्रमागही थांबले. बचत गटाचा हप्ता, एका खोलीतले अख्खे घर आणि आजाराची धास्ती एकदमच अंगावर आली. अंत्यविधी मोजक्या माणसांत उरकावे लागत, त्यामुळे रडायला कुणाचा खांदाही मिळत नव्हता.

‘उदास वाटते’ अशी तक्रार क्वचितच येते. ‘जीव घाबरतो’, ‘डोकं जड झालंय’, ‘झोप लागत नाही’ असे सांगितले जाते. त्यामुळे प्राथमिक चाचणी जपून करावी लागते. पीएचक्यू-९ या नैराश्य चाचपण्याच्या प्रश्नावलीत मागील दोन आठवड्यांविषयी नऊ प्रश्न असतात. प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. बेरीज १० किंवा अधिक आली तर सविस्तर तपासणी करतात. केवळ बेरजेवरून निदान होत नाही. थकवा, झोप आणि भूक यांचे गुण कोविडमधून उठलेल्या माणसात तसेही वाढतात, म्हणून पहिल्या दोन प्रश्नांकडे (कशात रस न वाटणे, मन खिन्न राहणे) नीट पाहावे.

मोठी चूक भाषेत होते. पूर्व भागात अनेक घरांची बोली तेलुगू. मराठी प्रश्न सून किंवा मुलगा समजावून सांगू लागला, की स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयीचा नववा प्रश्न हमखास गिळला जातो. तो एकांतात, रुग्णाच्या भाषेतच विचारावा. तिथे १ गुण आला तरी, बेरीज कितीही कमी असो, त्याच दिवशी पुढची चौकशी करावी.

घाबरण्याचा झटका साधारण दहा मिनिटांत टिपेला जाऊन ओसरतो. मात्र दम लागत असेल तर आधी ऑक्सिमीटर लावावा. ऑक्सिजनचा आकडा ९४ टक्क्यांच्या खाली, ताप किंवा खोकला असल्यास ‘टेन्शनने झालं असेल’ म्हणून सोडणे धोक्याचे.

नैराश्यावरील गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि बरे वाटल्यावरही त्या किमान सहा महिने घ्याव्या लागतात. आठवड्यात ‘फरक नाही’ म्हणून त्या सोडल्या जातात. उलट अल्प्राझोलाम या चिंता शमवणाऱ्या गोळीने लगेच शांत वाटते, म्हणून ती चालूच राहते आणि काही आठवड्यांत सवय लागते. ती एकदम न थांबवता डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करावी. ऑक्टोबर २०२२पासून टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येते, मराठीत आणि तेलुगूतही.