शिरोलीतील हिरवी टेकडी

कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका मशीन शॉपच्या तपासणी खोलीत गेल्या वर्षी जाण्याचा योग आला. बाहेर कूलंटचा वास आणि व्हीएमसीचा, म्हणजे धातू कापणाऱ्या संगणकीय यंत्रांचा, अखंड आवाज होता. आत मात्र काचेचे दार घट्ट लावलेले, तापमान २० अंश सेल्सिअसवर ठेवलेले आणि मधोमध ग्रॅनाइटच्या जाड शिळेवर उभे असलेले सीएमएम, म्हणजे तयार भागांची मापे घेणारे यंत्र. फौंड्रीतून ओतून आलेल्या एका पंपाच्या कवचाला त्या यंत्राची कृत्रिम माणकाची गोळी हळूच टेकत होती आणि शेजारच्या संगणकावर मायक्रॉनमधले आकडे उमटत होते. आकड्यांची खिडकी जराशी बाजूला सरकली, तेव्हा मागे निळे आकाश आणि हिरवीगार टेकडी दिसली. कॅलिफोर्नियातील सोनोमा परगण्यात १९९६ साली टिपलेले हे छायाचित्र २००१ मध्ये विंडोज एक्सपी या ऑपरेटिंग सिस्टीमबरोबर, तिच्या पडद्यावरचे चित्र म्हणून, जगभर पोचले. मायक्रोसॉफ्टने एक्सपीचा सांभाळ, म्हणजे तिला दुरुस्त्या पुरवणे, ८ एप्रिल २०१४ रोजी थांबवला. शिरोलीत मात्र ती टेकडी रोज सकाळी साडेआठला उगवते.

तपासनीसाने मला आणखी एक गोष्ट दाखवली. संगणकाच्या मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपली असल्याने तो रोज सकाळी १ जानेवारी २००२ या तारखेला जागा होतो आणि ग्राहकाला जाणाऱ्या अहवालावर तारीख छापायची असल्यामुळे पहिले काम म्हणजे ती हाताने दुरुस्त करणे. पन्नास रुपयांच्या आसपासची बॅटरी बदलत का नाही, असे विचारल्यावर तो म्हणाला, “एकदा बदलाय म्हणून खोलला सर, तर दोन दिवस सुरूच झाला न्हाई. तवापासनं त्याला कुणी हात लावायचा न्हाई असं ठरलंय.”

या उत्तरावर हसू येते खरे, पण त्यात बरेच शहाणपण आहे. जुनी ऑपरेटिंग सिस्टीम पाहिली की मालकाचा चिक्कूपणा किंवा कामगारांची नव्याची भीती अशी कारणे आपण पटकन पुढे करतो. प्रत्यक्षात त्या खोलीतील ग्रॅनाइट आणि तो संगणक यांच्या आयुष्यांचा मेळ बसत नाही, हे खरे कारण आहे. ग्रॅनाइटची शिळा सहजासहजी झिजत नाही, गंजत नाही. तिच्यावरून सरकणारे भाग दाबाच्या हवेच्या पातळ थरावर तरंगतात, त्यामुळे घर्षण जवळजवळ नसते. नीट निगा राखली आणि वेळच्या वेळी कॅलिब्रेशन केले, तर असे यंत्र पंचवीस-तीस वर्षे सहज काम देते. ऑपरेटिंग सिस्टीमला मात्र तिचा निर्माता साधारण दहा वर्षे सांभाळतो. विंडोज ७ २००९ मध्ये आली आणि जानेवारी २०२० मध्ये तिचा सांभाळ थांबला, विंडोज १० २०१५ मध्ये आली आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी तिचीही तीच गत झाली. एका यंत्राच्या हयातीत तीन ऑपरेटिंग सिस्टीम येऊन जातात. मग मधल्या मधे त्या बदलत का नाहीत?

ऑपरेटिंग सिस्टीम एकटी नांदत नाही. वर तिच्याकडून काम करून घेणारे प्रोग्रॅम असतात, खाली प्रत्यक्ष यंत्रे असतात आणि यंत्रांशी बोलण्यासाठी तिला प्रत्येकाचा वेगळा दुभाषा लागतो. या दुभाष्याला ड्रायव्हर म्हणतात आणि तो त्या विशिष्ट ऑपरेटिंग सिस्टीमच्या अगदी गाभ्यात, कर्नलमध्ये, बसून काम करतो. म्हणूनच गाभा बदलला की जुना दुभाषा मुका होतो. ३२ बिटी, म्हणजे माहिती ३२ बिटांच्या गठ्ठ्यांत हाताळणाऱ्या, विंडोजसाठी लिहिलेला असा ड्रायव्हर ६४ बिटी विंडोजमध्ये चढतच नाही. शिवाय विंडोज व्हिस्टापासून ६४ बिटी आवृत्त्यांनी डिजिटल सहीवाचूनच्या ड्रायव्हरना दारातच अडवायला सुरुवात केली. शिरोलीतील सीएमएमचा नियंत्रक एका कार्डामार्फत संगणकाशी जोडलेला आहे, त्या कार्डाचा ड्रायव्हर एक्सपीसाठी लिहिला गेला आणि यंत्राच्या निर्मात्याने पुढे ते मॉडेलच बंद केल्यामुळे नवा ड्रायव्हर कोणी लिहिला नाही. नवा संगणक आणला, तर मुळात ते कार्ड खोचण्याची खाचच मिळत नाही. म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम बदलायची तर संगणक, कार्ड, नियंत्रक आणि मोजणीचे सॉफ्टवेअर असे सगळेच बदलावे लागते, आणि एवढे केल्यावर यंत्राने काल दिलेले माप आजही तेच येते, हे ग्राहकाला पुन्हा सिद्ध करून दाखवावे लागते.

एक्सपीच्याही मागे डॉसचा, म्हणजे विंडोजपूर्वीच्या ऑपरेटिंग सिस्टीमचा, जमाना होता. त्याचे अवशेष लाकडी दारांवर नक्षी कोरणाऱ्या जुन्या राऊटर यंत्रांवर अजून दिसतात. डॉसमध्ये एका वेळी एकच प्रोग्रॅम चालतो आणि सारा संगणक त्याच्या मुठीत असतो. प्रिंटरसाठीच्या पोर्टचा पत्ता षोडशमान पद्धतीत ३७८, म्हणजे आपल्या मोजणीत ८८८. डॉसमधील प्रोग्रॅम थेट या पत्त्यावर शून्य-एक लिहितो आणि त्या तारेवरच्या प्रत्येक ठोक्याला स्टेपर मोटर एक पाऊल सरकते. सेकंदाला वीस हजार ठोके द्यायचे, तर दोन ठोक्यांमध्ये ५० मायक्रोसेकंदच उरतात. विंडोज मात्र अनेक प्रोग्रॅमना आळीपाळीने वेळ वाटून देते आणि तिच्या घड्याळाचा टोला साधारणपणे १० ते १६ मिलिसेकंदांनी पडतो. तेवढ्या काळात राऊटरची दोन-तीनशे पावले व्हायला हवीत. मध्येच विंडोजला दुसरे काही काम आठवले, की मोटर अडखळते आणि गणपतीच्या सोंडेला नको तिथे खाच पडते. शिवाय एनटी घराण्याच्या विंडोजमध्ये, म्हणजे एक्सपीपासून पुढच्या सगळ्याच घरगुती आवृत्त्यांमध्ये, साध्या प्रोग्रॅमला पोर्टवर थेट लिहिण्याची मुभाच नाही. सुरक्षिततेसाठी ते योग्यच झाले. पण या एका कामापुरते डॉस नव्या विंडोजहून सरस आहे, हे मान्य करायला हरकत नसावी.

जुने असले की ते दणकट असतेच, असेही मात्र समजू नये. विंडोज ९५ आणि ९८ मध्ये एक मजेदार दोष होता. संगणक सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद ३२ बिटांच्या एका गणकात मोजले जात आणि सुमारे ४९.७ दिवसांनी तो गणक भरून पुन्हा शून्यावर आला, की संगणक गोठू शकत असे. विंडोज ९५ बाजारात आल्यावर हा दोष ध्यानात यायला जवळपास चार वर्षे गेली, कारण इतके दिवस सलग चालणारा विंडोज ९५ चा संगणक मिळणेच कठीण होते. आपल्याकडे तर भारनियमनाने तशी वेळ कधी येऊच दिली नाही.

कोल्हापूर परिसरात जुन्या सिस्टीमचा सर्वांत चिवट वापर कारखान्यांपेक्षा हिशेबाच्या टेबलावर आढळतो. नव्वदच्या दशकात गावोगावच्या दूध संस्था, पतसंस्था आणि गुळाच्या अडत दुकानांसाठी फॉक्सप्रो या माहिती साठवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये लहान-लहान प्रोग्रॅम लिहिले गेले. दूध संस्थेच्या एका बिलात काय काय असते ते पाहावे: सकाळ-संध्याकाळचे लिटर, फॅट आणि एसएनएफ (दुधातले फॅट सोडून उरलेले घन घटक) यांप्रमाणे बदलणारा दर, म्हशीच्या आणि गाईच्या दुधाचे वेगळे तक्ते, पशुखाद्याची कपात, ॲडव्हान्सचा हप्ता, शेअरची रक्कम, दिवाळीला वाटायचा फरक. यातला बराचसा व्यवहार कुठल्या पुस्तकात लिहिलेला नसतो. संस्थेच्या सचिवांनी वर्षानुवर्षे सांगितलेल्या दुरुस्त्या जिरत जिरत तो प्रोग्रॅममध्ये मुरलेला असतो. प्रोग्रॅम लिहिणारा मुलगा पुढे पुण्याला गेला, मूळ कोडची फ्लॉपी बुरशीने खराब झाली आणि उरली ती फक्त चालणारी फाईल. नवे सॉफ्टवेअर घेतले, तर पहिल्या बिलात दोन रुपयांचा फरक पडला तरी सभासद संस्थेच्या दारात उभा राहतो.

हे प्रोग्रॅम १६ बिटी असतात, आणि ६४ बिटी विंडोजवर १६ बिटी प्रोग्रॅम चालत नाहीत. याचे मूळ प्रोसेसरमध्ये आहे: त्याच्या ६४ बिटी अवस्थेत जुन्या ८०८६ प्रोसेसरची नक्कल करण्याची सोयच ठेवलेली नाही. इथे मात्र चांगला उतारा उपलब्ध आहे. डॉसबॉक्ससारखा एम्युलेटर जुन्या प्रोसेसरची, पडद्याची आणि कळफलकाची हुबेहूब नक्कल सॉफ्टवेअरमध्ये उभी करतो आणि फॉक्सप्रोला आपण नव्या घरात आलो आहोत, याचा पत्ताही लागत नाही. हिशेबाला बाहेरचे यंत्र लागत नसल्याने हे जमते. सीएमएमच्या कार्डाला ही मात्रा लागू पडत नाही.

लक्ष्मीपुरीतील एका छपाईच्या दुकानात अडचण आणखी निराळी निघाली. तिथे लग्नपत्रिका अजून पेजमेकर ७ या पाने मांडण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये जुळवतात. हे सॉफ्टवेअर २००१ मधील, आणि त्याची पुढची आवृत्ती कधी आलीच नाही. युनिकोडमध्ये, म्हणजे जगातल्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, ‘क’ या अक्षराला ०९१५ हा स्वतंत्र क्रमांक आहे, पण युनिकोड रुळण्यापूर्वीच्या मराठी फाँटांनी रोमन अक्षरांच्या जागा वापरून तिथे देवनागरीची चित्रे बसवली होती. संगणकाच्या लेखी त्या फायलींत मराठी नाहीच, रोमन अक्षरांची भेळ आहे. तो विशिष्ट फाँट असला तरच तिची मराठी होते. दुकानदाराकडे वीस वर्षांच्या पत्रिका साठवलेल्या आहेत. थोरल्याच्या लग्नात छापलेली पत्रिका उघडायची, नावे बदलायची, ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं’ याखालची चिल्लीपिल्ली वाढवायची, की धाकट्याची पत्रिका अर्ध्या तासात तयार. फाँट उघडण्यासाठी लागणारा डोंगल, म्हणजे किल्लीसारखे काम करणारे छोटे उपकरण, संगणकाच्या मागे तांबड्या चिकटपट्टीने घट्ट बांधलेला आहे, कारण तो हलला की अक्षरे जातात.

असे प्रकार केवळ आपल्याकडेच घडतात, असे नाही. पॅरिसच्या ओर्ली विमानतळावर नोव्हेंबर २०१५ मध्ये विमानांची ये-जा काही काळ थांबली, तेव्हा धुक्यातील दृश्यमानतेची माहिती पुरवणारी प्रणाली विंडोज ३.१ वर चालत असल्याचे उघड झाले. अमेरिकेच्या अण्वस्त्र दलांच्या समन्वयाचे काम १९७० च्या दशकातील संगणकांवर आणि आठ इंची फ्लॉपीवर चालत असल्याची नोंद तेथील सरकारी लेखापरीक्षकांच्या २०१६ च्या अहवालात आहे. त्या फ्लॉपी २०१९ मध्ये हटल्या.

आता धोक्याविषयी. १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय या खंडणीखोर प्रोग्रॅमने दीडशेच्या आसपास देशांत धुमाकूळ घातला, ब्रिटनमधील रुग्णालयांचे कामकाज कोलमडले आणि मायक्रोसॉफ्टने नियम मोडून एक्सपीसाठीही दुरुस्ती दिली. तेव्हापासून एक्सपी म्हणजे साक्षात संकट, असा समज रूढ झाला. प्रत्यक्षात त्या हल्ल्यातील बहुतेक बाधित संगणक विंडोज ७ चे होते. विंडोज ७ चा सांभाळ तेव्हा चालू होता आणि तिच्यासाठीची दुरुस्ती दोन महिने आधी, मार्चमध्येच आली होती; ती बसवलेली नव्हती, एवढेच. दुरुस्ती नसलेला संगणक नेटवर्कच्या जाळ्यात उघडा ठेवणे हा खरा धोका होता. जुन्या सिस्टीमला दुरुस्ती मिळतच नाही, म्हणून तिच्यापुरता उपाय एकच उरतो: तिला जाळ्याबाहेर ठेवणे. एटीएमसारख्या यंत्राला जाळ्याबाहेर ठेवता येत नाही, म्हणून रिझर्व्ह बँकेने जून २०१८ मध्ये बँकांना सांभाळ संपलेल्या सिस्टीम टप्प्याटप्प्याने जून २०१९ पर्यंत बदलण्याचे आदेश दिले. तो निर्णय बरोबरच होता. सीएमएमला तोच नियम लावणे मात्र मला अनाठायी वाटते.

शिरोलीतील संगणकाला इंटरनेटची तारच नाही. अहवाल पेन ड्राइव्हवर बाहेर येतो, आणि मला काळजी वाटली ती या पेन ड्राइव्हची. २०१० मध्ये उघडकीला आलेला स्टक्सनेट हा घातक प्रोग्रॅम इंटरनेटपासून तोडलेल्या इराणी अणुकेंद्रात शिरला तो अशाच मार्गाने, असे मानले जाते. तपासणी खोलीतला पेन ड्राइव्ह खिळ्याला टांगलेला असतो, त्यावर मार्करने ‘फक्त सीएमएम’ असे लिहिले आहे. पण तो अहवाल घेऊन कार्यालयातल्या ज्या संगणकात जातो, त्यावर लग्नाचे व्हिडिओही उघडले जातात. दोन्हींमध्ये फक्त पेन ड्राइव्ह तपासण्यासाठी एक वेगळा, नवा संगणक ठेवा, असे मी सुचवले. मालकांनी ते वहीत लिहून घेतले.

निघताना त्यांनी कपाट उघडून एक हार्ड डिस्क दाखवली. चालू डिस्कची तंतोतंत प्रत काढून ती वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेली होती, आणि तशीच आणखी एक त्यांच्या राजारामपुरीतल्या घरी होती. पुढच्या वर्षी नवे सीएमएम घ्यायचा विचार आहे, असे ते म्हणाले. मग या जुन्याचे काय, असे विचारले, तर त्याला गिऱ्हाईक ठरलेले होते. इचलकरंजीकडचा एक छोटा कारखानदार ग्रॅनाइट, नियंत्रक, हिरव्या टेकडीचा संगणक आणि वर्तमानपत्रातली डिस्क असे सगळे मिळूनच घेणार आहे. संगणक वगळून यंत्राची किंमत त्याने विचारलीसुद्धा नव्हती.